‘हसा’ म्हणण्यापूर्वी

पार्किन्सन्सच्या आजारात, ज्याला आपल्याकडे कंपवात म्हणतात, सर्वांचे लक्ष हाताच्या थरथरीकडे जाते. चेहऱ्याकडे त्या मानाने कमी जाते. मेंदूच्या एका लहानशा भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की शरीराच्या हालचाली मंदावतात, आणि त्यात चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालीही आल्या. पापण्या कमी वेळा लवतात, भुवया उंचावत नाहीत, ओठांच्या कडा वर जात नाहीत. डॉक्टर याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. आतला माणूस पूर्वीसारखाच हसतो, रुसतो, घाबरतो. ते बाहेर उमटत नाही, इतकेच.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. कोयनानगरात चाळीसहून अधिक वर्षे माणसांचे फोटो काढणारा सत्तरीचा एक गृहस्थ आहे. माझ्या पत्नीला हा आजार होऊन आठ वर्षे झाली. ज्याचे पोट आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवर चालले, त्याच्याच घरातला एक चेहरा हळूहळू स्तब्ध होत गेला. हा व्यवसाय, आजारी माणसाचे घर, मैत्री आणि आमची ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ तुम्ही कसा घालता, असे मला पुष्कळजण विचारतात. त्यांना वेळापत्रक हवे असते. तेही सांगेन; पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. या चारही ठिकाणी माझ्याकडून एकच अपेक्षा असते: समोरच्या माणसाकडे धीराने पाहावे, आणि पाहणे त्याला नकोसे होईल तेथे मान वळवावी. या दोहोंतील भेद ज्याला जमला, त्याला बाकीचा मेळ बराचसा जमतो, असा माझा अनुभव आहे.

आमचे गाव पाटण तालुक्यात, धरणाच्या निमित्ताने वसलेले. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन इस्पितळामुळे नावारूपाला आलेल्या मिरजेत माझे वडील वाढले आणि प्रकल्पाच्या कामावर इकडे आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्यात दगावली. घरे पडली, आणि घरांबरोबर ट्रंका, दप्तरे, कोनाड्यातल्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या.

पुढे मी स्टुडिओ सुरू केला तेव्हा जवळच्या वस्तीवरील एक बाई शाळेचा जुना समूहफोटो घेऊन आल्या. मागच्या रांगेत त्यांचा भाऊ उभा होता; तो त्या पहाटे गेला होता. त्याचा वेगळा फोटो घरात उरला नव्हता. समूहातला तो चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मी त्याची कॉपी केली, मोठी केली, पेन्सिलीने जमेल तेवढे सावरले. हाती आला तो एक धुरकट ठिपका होता. बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, “ह्योच. मान अशीच कलती धरायचा.” नाक-डोळे स्पष्ट नसतानाही त्यांनी भावाला मानेच्या कलावरून ओळखले. माणसाची ओळख केवळ चेहऱ्याच्या हालचालीत नसते, हे मी त्या दिवशी शिकलो; ते उपयोगी पडले मात्र पुष्कळ वर्षांनी, माझ्याच घरात.

पत्नीचा चेहरा स्थिरावू लागला तेव्हा नातेवाईकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, वहिनी हल्ली आल्यागेल्याचे स्वागत करीत नाहीत. कोणी म्हणे, त्यांना आमचा राग आला आहे. लेक पुण्याहून आली की विचारी, “आई, तू नाराज आहेस का?” तिची आई त्या क्षणी अतिशय आनंदात असे. आपल्या घरात असा रुग्ण असेल तर हा प्रसंग आपल्यालाही परिचयाचा असेल. चेहऱ्यावरून अंदाज बांधणे ही आपल्या सर्वांची जन्माची सवय आहे, आणि या आजारात ती पदोपदी फसवते. यात आणखी एक गुंता आहे. या आजारात खरोखरचे नैराश्यही येऊ शकते, आणि त्यावर उपचार असतात. म्हणून ‘तो चेहराच तसा आहे’ असे म्हणून विषय सोडून देणेही बरे नव्हे. झोप, भूक, बोलण्यातला रस यांत बदल वाटला तर डॉक्टरांना सांगावे. आणि एरवी चेहऱ्याला न विचारता माणसाला विचारावे.

मी लेकीला आमच्या घरातला तिच्या पणजीचा फोटो दाखवला. नऊवारी, ताठ बैठक, ओठ मिटलेले, नजर समोर. “ही रागावलेली दिसते का?” ती म्हणाली, “नाही, जुने फोटो असेच असतात.” असेच असतात हे खरे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची रीत जाहीर झाली, आणि मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळात काचेवर प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ हसू टिकवणे कठीण. म्हणून माणसे गंभीर बसत, आणि मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधारही लावीत. पुढे कॅमेरे जलद झाले तरी गंभीर बसण्याची रीत बराच काळ टिकली. त्या तसबिरींना आपण कधी खडूस म्हणत नाही. त्यांचे हात, बसण्याची ढब, पदराची चापूनचोपून केलेली घडी यांतून आपण माणूस वाचतो. घरातल्या जिवंत माणसालाही तेवढीच सवलत का देऊ नये? त्यानंतर लेक आईचा हात हातात घेऊन बसू लागली. आनंद झाला की तिच्या आईचा अंगठा लेकीच्या मनगटावर हलकेच फिरतो. आता ती ते हसूच समजते.

आता वेळापत्रकाविषयी. या आजाराच्या औषधांचा असर दिवसभर सारखा नसतो. गोळी लागू पडली की तास-दोन तास हालचाल सुलभ होते, मग ओसरते. गोळीची वेळ चुकली तर पुढचा सगळा दिवस बिघडू शकतो. लेव्होडोपा हे मुख्य औषध प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतले तर काहींना कमी लागू पडते. म्हणून ते जेवणाच्या किती आधी घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. आमच्या घरात भिंतीवर त्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत, आणि माझा स्टुडिओ त्या कागदावर चालतो. सकाळची गोळी, न्याहारी, आंघोळ झाली की दहा ते एक दुकान उघडे. दुपारी बंद. संध्याकाळी पाच ते सात, तेही कोणी घरी बसायला असेल तर. लग्नांची कामे मी सोडली. उत्पन्न घटले, मोबाइल आल्यापासून ते तसेही घटतच होते. पासपोर्टचे फोटो, शाळेची ओळखपत्रे आणि अधूनमधून कोणाची तरी निवांत काढलेली तसबीर यांवर दोघांचे भागते.

रविवारची गोष्ट निराळी. रविवारी दुकान उघडायचे नाही हा वडिलांच्या वेळेपासूनचा नेम. लग्ने मात्र बहुधा रविवारीच निघतात, त्यामुळे ऐन उमेदीतही या नेमाची किंमत मोजावी लागली. पूर्वी आम्ही पाटणमार्गे साताऱ्याच्या उपासनेला जमेल तेव्हा जात असू. आता एवढा प्रवास तिला झेपत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, लेन्सला बुरशी धरू नये म्हणून कपाटात दिवा जळत ठेवावा लागतो. म्हणून रविवारची उपासना घरीच होते. शास्त्रपाठ मी वाचतो, गायन ती करते.

गायनाची गंमत पुढे सांगतो. आधी एका शास्त्रपाठाविषयी सांगू द्या, कारण शुश्रूषा करणाऱ्यांसाठी त्याइतकी उपयोगी कथा मला दुसरी माहीत नाही, मग आपला धर्म कोणताही असो. उत्पत्तीच्या पुस्तकात जलप्रलयानंतरची हकीकत आहे. वृद्ध नोहा द्राक्षारसाने बेभान होऊन आपल्या तंबूत उघडा पडला होता. एका मुलाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ या दोघा भावांनी काय केले? त्यांनी खांद्यांवर एक वस्त्र घेतले, पाठमोरे चालत ते तंबूत गेले आणि तोंड फिरवूनच त्यांनी बापाला झाकले. मदत तर केली. पाहणे मात्र टाळले.

मी पाहण्याचा धंदा करतो, म्हणून ही कथा माझ्या मनात घर करून राहिली आहे. आज तंबूच्या बाहेर जाऊन सांगण्याची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. इस्पितळातल्या खाटेवर नळ्या लावलेले वडील, घास ओठांतून ओघळणारी आई, नात धरून चालवते आहे ते आजोबा; फोटो निघतात आणि नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप गटावर जातात. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण ज्याचा फोटो आहे त्याला कोणी विचारलेले नसते. आयुष्यभर केस विंचरल्याशिवाय दारात न आलेल्या बाईचे विस्कटलेले रूप चाळीस घरांत पोहोचते. शब्दांत लिहावे की बाबांना आज बरे आहे, दोन घास जेवले. तेवढे पुरते.

अपवाद डॉक्टरांचा. चाल कशी अडखळते, थरथर कोणत्या वेळी वाढते, हे मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून त्यांना चांगले कळू शकते. तपासणीच्या खोलीत ते नेमके दिसेलच असे नाही. अशी चित्रफीत रुग्णाला सांगून घ्यावी, डॉक्टरांना दाखवावी आणि काम झाले की काढून टाकावी.

आता माझ्या मित्राविषयी. तो प्रकल्पातून निवृत्त झालेला, घरात वारीची परंपरा असलेला माळकरी. आमची मैत्री शाळेपासूनची. दर गुरुवारी संध्याकाळी तो आमच्या घरी येऊन बसतो, म्हणजे मला दोन तास मोकळे मिळतात. पहिल्या गुरुवारी मी ते दोन तास स्टुडिओत काढले. दुसऱ्या गुरुवारी त्याने मला दारातच अडवले. “दुकानात जायचं असेल तर मी चाललो घरी. तू नेहरू उद्यानात जाऊन बस, धरणाकडं बघ, काहीही कर. रक्तदाबाची गोळी तूही घेतोस.” शुश्रूषा करणाऱ्याला विश्रांती लागते हे सर्वांना पटते, त्याला कामाच्या जागेवरून हुसकावून विश्रांतीला धाडणारा मित्र मात्र विरळा. आपल्याला असा मित्र नसेल, तर आपण कोणाचे तरी असे मित्र होऊ शकतो. आठवड्यातले दोन तास, ठरलेला वार, न चुकता. ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्यापेक्षा ठरलेला वार फार मोलाचा असतो.

तो आला की गायन होते. या आजारात आवाजही बारीक होतो. बोलणाऱ्याला वाटते आपण नेहमीसारखे बोलतो आहोत, पण समोरच्याला कुजबुज ऐकू येते. मुद्दाम मोठ्याने बोलण्याचा, गाण्याचा सराव वाणीचिकित्सेत सांगितला जातो. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची अनेक पदे आहेत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी तुकोबांची वाट सोडली नाही. ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या चालीत गायली. आयुष्याच्या शेवटच्या काळात ते आमच्याच जिल्ह्यात, साताऱ्यात राहिले. माझ्या मित्राला तो छंद जन्माचाच ठाऊक. तो टाळ धरतो आणि म्हणतो, “वहिनी, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.” ती टिळकांचे पद म्हणते, मग तो तुकोबांचा अभंग म्हणतो. आमच्या दोघांच्या श्रद्धांत जे अंतर आहे ते आहेच. ते मिटवण्याचा प्रयत्न आम्ही कधी केला नाही. गुरुवारी संध्याकाळी त्याची आठवणही होत नाही. टाळाच्या ठेक्यावर तिचा आवाज अंगणापर्यंत जातो.

दर नोव्हेंबरात हा मित्र हयातीच्या दाखल्यासाठी माझ्या स्टुडिओत येतो, आणि गावातले इतर निवृत्तही येतात. ‘जीवन प्रमाण’ची सोय २०१४ साली सुरू झाली, २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. त्यात पापण्या मिटून उघडायला सांगतात. मित्र म्हणतो, “जिवंत आहे हे पटवायला सरकारला डोळा मारावा लागतो.” पण ज्याच्या पापण्याच लवत नाहीत, त्याला हे सोपे नसते. अशा व्यक्तीला औषधाचा असर असेल त्या तासात बसवावे, तोंड खिडकीकडे करावे, चष्मा काढावा, घाई करू नये. तरीही जमले नाही तर बोटांच्या ठशाचा मार्ग आहे, बँकेचा आहे, आणि पोस्टमन घरी येऊनही हे काम करतात.

घरातल्या वृद्धांचा चांगला फोटो काढण्याची रीतही जवळपास हीच. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्यावा. हात टेकता येतील अशी खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र रोजचे असेल तर फोटोतही असू द्यावे. उठताना घाई करू नये. एकदम उठले की अनेकांचा रक्तदाब उतरतो आणि तोल जातो. जेवणाची आणि औषधाची वेळ सांभाळावी. आणि ‘हसा’ म्हणू नये. त्याऐवजी त्यांना त्यांच्या पहिल्या पगाराविषयी, माहेरच्या विहिरीविषयी विचारावे, आणि उत्तर पूर्ण ऐकावे. फोटो मधेच कधीतरी निघतो.

हे सर्व मी गिऱ्हाइकांसाठी करीत होतो, परंतु माझी पत्नी सहा वर्षे कॅमेऱ्यासमोर बसली नाही. “हा माझा चेहरा नव्हे,” एवढेच तिने एकदा सांगितले. तिच्या खुर्चीच्या खोलीत मी कॅमेरा नेणे बंद केले. दोन वर्षांपूर्वी आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली. लेकीने फोन करून म्हटले, “पप्पा, तुम्ही दोघांचा एक फोटो काढा ना. आईला कळणारही नाही, तुम्ही लांबून काढा.” मी म्हणालो, “आईलाच विचार.” तिने विचारले. आई म्हणाली, “विचारलंस ते बरं केलंस. पण नको.” फोन ठेवल्यावर आम्ही दोघे काही वेळ गप्प बसलो होतो. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि चेहरा तसाच होता. लेक फोटोशिवायच आली, चार दिवस राहिली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गोळी लागू पडलेली असताना ती आपण होऊन म्हणाली, “अहो, काढा आज एक.” तिच्या अटी होत्या. ती खिडकीबाहेर पाहणार, कॅमेऱ्याकडे नाही. एकच फोटो. एकच प्रत, मोबाइलवर नाही. मी जुना फिल्मचा कॅमेरा काढला, म्हणजे शंकेला जागा नको. एक बटण दाबले आणि कॅमेरा ठेवून दिला.

प्रत पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्यामागे भिंतीवर लावायचा तर हाच लावा. तरुणपणीचा नको. ही आठ वर्षं मी याच चेहऱ्यानं काढली आहेत.” प्रत तिने आपल्या शास्त्रात ठेवली आहे. ती कोणालाही दाखवलेली नाही, आणि तिचे वर्णन मी येथे करणार नाही.

शमुवेलाच्या पुस्तकात, इशायाच्या मुलांपैकी राजा निवडताना, माणूस बाह्यरूप पाहतो आणि देव अंतःकरण पाहतो, अशा अर्थाचा बोध आहे. आपण देव नव्हे; आपल्याला अंतःकरण दिसत नाही. आपल्या हाती फक्त विचारणे आहे. आपल्या घरातही कोणी असे असेल, ज्याचा चेहरा आजाराने, पक्षाघाताने किंवा नुसत्या वयाने बदलला असेल. त्याचा फोटो काढावासा वाटला तर आज जवळ जाऊन बसा, नजरेला नजर द्या आणि विचारा, “काढू का?” ‘नको’ म्हटले तर कॅमेरा खिशात ठेवा, पण उठू नका. बसून राहा.